एक आठवडा उशिरा गेलं तर चालेल का?

बार्शीहून एका मुलीनं विचारलंय. बारावी सायन्स झाली, पुण्यात डेक्कनपलीकडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती, जागाही ठरली. येत्या सोमवारपासून तास सुरू होणार, आणि गेले दहा दिवस हिला सकाळी उठल्याबरोबर पोटात गोळा येतो, दोन-तीनदा संडासला जावं लागतं, घास गिळवत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, म्हणून इंग्रजीची धास्ती. वर्गात ओळखीचं कुणी नाही. मावसबहिणीनं सांगून ठेवलंय की तिकडं ‘काय करायलीस’ म्हटलं की पोरं हसतात. आणि शेवटी खरा प्रश्न: ‘मॅडम, पहिला आठवडा नुसता ओळखीपाळखीत जातो म्हणतात. मी आठवडाभर उशिरा गेले तर चालेल का? तोवर इंट्रो वगैरे होऊन गेलेलं असेल. आणि पहिल्या दिवशी ड्रेस कोणता घालू?’

ड्रेसचं शेवटी सांगते. आधी आठवड्याचं.

मी स्वतः १९९२ साली पारनेरहून इथं शिकायला आले आणि गेली बावीस वर्षं पुण्यातल्या कॉलेजांमध्ये समुपदेशनाचं काम करते. शेतकऱ्याच्या पेरणीचा आणि माझा हंगाम एकच, जून-जुलै. तुझ्यासारखी मुलं-मुली दर पावसाळ्यात माझ्यासमोर येऊन बसतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात हा ‘थोडं उशिरा गेलं तर?’ असतोच. कुणी आजारी पडतं, कुणाच्या घरी अचानक लग्न निघतं.

बाळ, उशिरा जाऊ नकोस.

नियमात बसतं म्हणशील तर बसेल. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, त्यात एक आठवडा कुठंही लपतो, आणि पहिल्या आठवड्यात कुणी फारसं विचारतही नाही. पण सोमवारी त्या वर्गात साठ-सत्तर पोरं एकमेकांना अनोळखी असणार आहेत. ‘ही जागा कुणाची आहे का?’, ‘प्रॅक्टिकलची लॅब कुठंय?’, ‘मेजर-मायनरचा फॉर्म भरलास का?’ असले प्रश्न त्या दिवशी कुणीही कुणालाही विचारू शकतं आणि विचारणारा बावळट ठरत नाही, कारण सगळेच बावळट असतात. ही सवलत साधारण आठवडाभर टिकते. पुढच्या सोमवारी तू पोचशील तेव्हा बाकं ठरलेली असतील. पाटी लावलेली नसते, पण ‘इथं आम्ही बसतो’ हे नजरेतून कळतं. बॅचेस पडलेल्या असतील, व्हॉट्सअॅप ग्रुप झालेला असेल, ऐच्छिक विषयांच्या निवडी झालेल्या असतील. आज तू ज्या इंट्रोला घाबरतेस तो साठ जणांच्या रांगेत होतो. उशिरा आलेल्या मुलीचा इंट्रो एकटीचा होतो, सगळा वर्ग माना वळवून बघत असताना.

दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. भीती वाटणारी गोष्ट आपण टाळली की लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच घात करतं, कारण मेंदू त्यातून एवढंच शिकतो की ‘टाळलं म्हणून वाचलो’. पुढच्या वेळी तो आणखी लवकर आणि आणखी जोरात घंटा वाजवतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. पहिल्या दिवशी तो कॉलेजच्या फाटकापर्यंत गेला, आतली गर्दी पाहिली, छातीत धडधडलं, म्हणाला उद्या येऊ. दुसऱ्या दिवशी तो गुडलक चौकातून परत फिरला. तिसऱ्या दिवशी लकडी पुलावरून. मग रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि टेकडीवर जाऊन बसायचा. असे अकरा दिवस. घरी फोनवर सांगायचा, ‘हो, आज केमिस्ट्री झाली.’ बाराव्या दिवशी रूम पार्टनरनं त्याला टेकडीवर पाहिलं आणि माझ्याकडे घेऊन आला. त्याला मी ‘धीर धर’ असलं काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी आम्ही दोघं फक्त फाटकातून आत गेलो, कँटीनला चहा प्यायलो, वीस मिनिटं बसलो आणि बाहेर आलो. पहिली सात-आठ मिनिटं त्याच्या हातातला कप ठरत नव्हता. चहा संपता संपता तो वडापाव मागवायचा का विचारत होता. दुसऱ्या दिवशी लायब्ररी. तिसऱ्या दिवशी दाराजवळच्या बाकावर एकच तास, नको वाटलं तर उठून जायची मुभा ठेवून. तो उठला नाही. पुढच्या आठवड्यात सगळे तास. धडधड म्हणशील तर ती महिनाभर होती, पण तो वर्गात होता आणि ती त्याच्या शेजारी बसलेली होती, एवढाच फरक.

तेव्हा ‘आधी भीती जाऊ दे, मग जाईन’ हा क्रम उलटा लावायचा. पोटातला गोळा घेऊनच सोमवारी जायचं. तो कधी जाईल ते त्याचं तो बघेल.

आता त्या गोळ्याचं. तू लिहिलंस की घासही गिळवत नाही आणि संडासलाही धावावं लागतं, हे दोन्ही एकदम कसं? हे अगदी नियमाप्रमाणे चाललंय. संकट आलं असं शरीराला वाटलं की अॅड्रेनालिन वगैरे संप्रेरकं सुटतात, हृदय जोरात चालतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. जठर मंदावतं, म्हणून भूक मरते, मळमळतं. त्याच वेळी मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, म्हणून धावपळ. समोर बिबट्या असता तर हे सगळं कामाला आलं असतं. शरीराला बिबट्या आणि फर्स्ट इयरचा वर्ग यातला फरक कळत नाही, त्याला माफ कर.

यावर उपाय साधे आहेत, पण त्यांची वेळ महत्त्वाची. रिकाम्या पोटी चहा नको. आधी अर्धं केळं किंवा दोन बिस्किटं, मग चहा, तोही अर्धा कप. भरपेट नाश्ता सोमवारी सकाळी जाणारच नाही, त्याचा आग्रह धरू नकोस, डब्यात पोळी-भाजी ने आणि अकराला खा. आणि उठायचं लवकर. कॉट बेसिसवर सहा मुलींत एक न्हाणीघर आणि एक संडास असतो, साडेसहा ते साडेसात तिथं रांग असते, आणि ज्या मुलीला दोनदा जावं लागणार आहे तिनं त्या रांगेत उभं राहून घालमेल वाढवू नये. साडेपाचला उठ. हसू नकोस, पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलींचं निम्मं टेन्शन या एका गोष्टीनं हललंय.

श्वासाचं तुला कुणीतरी सांगितलंच असेल, ‘मोठ्ठा श्वास घे’. ते अर्धवट सांगतात. घाबरलेल्या माणसानं मोठमोठे श्वास भराभर घेतले तर रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि वाटतं आता पडणारच. श्वास सोडण्यावर लक्ष ठेव. चार मोजेपर्यंत नाकानं सावकाश आत, सहा मोजेपर्यंत त्याहून सावकाश बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी कमी होते, तो फायदा उचलायचा. पाच मिनिटं पुरतात. मात्र ही सवय आजपासून रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर कर. ऐन वर्गाच्या दारात पहिल्यांदा करायला गेलीस तर मोजणंसुद्धा चुकेल.

आता इंग्रजी. तू दहावीपर्यंत मराठी माध्यम लिहिलंस आणि तिथंच थांबलीस. अगं, अकरावी-बारावी सायन्स कशात केलंस? फिजिक्स-केमिस्ट्रीची पुस्तकं इंग्रजीत वाचलीस, पेपर इंग्रजीत लिहिलेस, पास झालीस, त्यावरच प्रवेश मिळाला. म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं इंग्रजी तुझ्याकडे आहे. भीती आहे ती चारचौघांत बोलायची. ती वेगळी गोष्ट आहे आणि तेवढीच ठेवावी. पुण्यातल्या वर्गांत बहुतेक प्राध्यापक इंग्रजीतून सुरुवात करतात आणि उदाहरण देताना मराठीवर येतात. काही येत नाहीत. त्यांचं एखादं वाक्य सुटलं तर वहीत तेवढी जागा कोरी सोड, पुढचं लिहीत राहा, आणि त्याच संध्याकाळी पुस्तकातून किंवा शेजारणीच्या वहीतून ती जागा भर. दोन दिवसांनी भरायला गेलीस तर काय सुटलं तेच आठवणार नाही. प्रश्न विचारायचा असेल तर तास संपल्यावर ‘सर, मराठीत विचारू का?’ एवढं म्हण. नाही म्हणणारे प्राध्यापक मला फार कमी भेटलेत.

इंट्रोसाठी चार वाक्यं तयार कर, जास्त नको. नाव, गाव, बारावी कुठून, आणि एखादी गोष्ट जी पकडून समोरचा बोलू शकेल. ‘आय अॅम फ्रॉम बार्शी, सोलापूर डिस्ट्रिक्ट’ म्हणालीस की मागून कुणीतरी ‘माझं मामाचं गाव’ म्हणणार, हे मी वर्गांत पाहिलेलं आहे. ही वाक्यं मनातल्या मनात घोळवू नकोस. मोठ्यानं म्हण, भावासमोर म्हण, उभं राहून म्हण, दहा वेळा. भीतीचा कळस आपला नंबर यायच्या आधी आणि पहिल्या वाक्याला असतो, नंतर ती उतरायला लागते. म्हणून पहिलं वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल इतकं पाठ हवं, उरलेली तीन कशीही गेली तरी चालतं.

आणि आता ‘काय करायलीस’.

खरं सांगायचं तर इंग्रजीपेक्षा या गोष्टीनं बाहेरगावच्या मुलामुलींना मी जास्त मुकं झालेलं पाहिलंय. इंग्रजी येत नाही हे मोकळेपणानं सांगतात. ‘माझं मराठी ऐकून हसतात’ हे सांगायला तीन-चार भेटी जातात, आणि सांगताना डोळ्यांत पाणी असतं. एका मुलीनं तर ‘पाणी’ हा शब्द टाळण्यासाठी वर्षभर ‘वॉटर बॉटल’ मागितली होती, कारण पहिल्याच आठवड्यात तिच्या ‘पानी’वर कुणीतरी खिदळलं होतं. ती बोलायची कमी, कारण प्रत्येक शब्द तोंडातून सुटायच्या आधी ती तपासायची. असं तपासत बसलं की समोरचा काय बोलतोय तिकडे लक्षच राहत नाही, उत्तर उशिरा येतं, आणि लोकांना वाटतं ही जरा शिष्ट आहे. म्हणजे लाजेनं गप्प बसलेली मुलगी शिष्ट ठरते. हे मला दर वर्षी दिसतं आणि दर वर्षी माझा जीव चुटपुटतो.

तेव्हा पहिले दोन-तीन महिने बोली बदलायची मोहीम काढू नकोस. घरी बोलतेस तशी बोल. कुणी हसलं तर ‘आमच्याकडं असंच म्हणतात’ म्हण आणि वाक्य पुरं कर. वाक्य पुरं करणं महत्त्वाचं, मध्येच तोडायचं नाही. शेजारी कुणी कोल्हापूरची असेल, कुणी जळगावची, कुणी नांदेडची. सदाशिव पेठेच्या त्या खोलीत महिनाभरात सहा बोलींची खिचडी होते. दिवाळीला घरी जाशील तेव्हा तुझा भाऊच म्हणेल, ‘बघा, लई पुणेरी बोलायली.’ जीभ आपल्या सोयीनं वळते, तिला ओढावं लागत नाही.

पुणेरी म्हटल्यावर एक आडवळणाचं. इथली माणसं तोडून बोलतात. मालकीणबाई म्हणतील, ‘दहानंतर दार उघडणार नाही, विचारून ठेवू नका.’ मेसच्या काकू म्हणतील, ‘भाजी परत मिळेल, पोळी मोजून.’ दारावरच्या पाट्यांबद्दल तर तू ऐकलंच असशील. बार्शीत असं कुणी बोललं तर त्याचा अर्थ भांडण. इथं त्याचा अर्थ माहिती. त्याच मालकीणबाई तापात आल्याचा काढा आणून देताना मी पाहिल्यात, आणि तो देतानाही त्यांचा आवाज तोच असतो. आधीच बिचकलेल्या मुली हा सूर मनाला लावून घेतात, म्हणून सांगितलं.

लोक हसतील या भीतीवर माझी स्वतःची एक फजिती सांगते. पहिला दिवस. माझा वर्ग चौदा नंबरच्या खोलीत होता आणि मी शिरले सोळामध्ये. तो टी.वाय.चा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा वर्ग. सर आले तरी मला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा उठून जायची हिंमत नव्हती. सरांनी हजेरी सुरू केली. माझा रोल नंबर सत्तेचाळीस होता, तो ऐकल्याबरोबर माझ्या तोंडून सवयीनं ‘प्रेझेंट सर’ निघून गेलं. सरांनी मान वर केली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘सत्तेचाळीस, सुट्टीत फारच बदललात.’ त्या वर्गातला सत्तेचाळीस हा दाढीवाला मुलगा होता आणि तो माझ्याच मागच्या बाकावर बसला होता. असा हशा पिकला की मी वही तिथंच टाकून बाहेर आले आणि जिन्याखाली पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून रडले. वही त्या दाढीवाल्यानं आणून दिली. पुढं दोन महिने मी ती मुलं दिसली की रस्ता बदलायची. डिसेंबरात एन.एस.एस.च्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कँपला त्याच वर्गातली एक मुलगी माझ्या शेजारी झोपायला होती. शेवटी न राहवून विचारलं, तो किस्सा आठवतो का. ती म्हणाली, ‘हो, कुणीतरी चुकून आला होता ना एकदा.’ आला होता! मी मुलगी होते हेसुद्धा तिच्या लक्षात नव्हतं.

याचा पुढं रीतसर प्रयोगही झालेला मी वाचला. कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा, २००० साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा एका गायकाचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून दुसऱ्या मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं आणि मग विचारायचं, किती जणांनी पाहिलं असेल? घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्यांनी तरी. खोलीतल्या मुलांना विचारलं तेव्हा जेमतेम पाव जणांना ते चित्र सांगता आलं. मला हा प्रयोग जिन्याखाली उभी असताना हवा होता.

मैत्रिणींचं तू विचारलं नाहीस, पण ‘ओळखीचं कुणी नाही’ या वाक्यात ते आलं. इथंही मुली एक गफलत करतात. वाटतं की पहिल्या आठवड्यात जीवाभावाची मैत्रीण मिळायला हवी, नाही मिळाली तर आपल्यातच काही कमी आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली याचा हिशेब मांडला होता: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सोबत घालवलेले साधारण पन्नास तास लागतात, बऱ्यापैकी मैत्रीला नव्वदच्या आसपास, घट्ट मैत्रीला दोनशेच्या वर. अमेरिकेतली माणसं, तिथली पद्धत, आकडे तंतोतंत धरू नयेत. पण अंदाज घे. शेजारी बसून गप्प ऐकलेलं लेक्चर यात फारसं धरता येत नाही. डबा खाणं, एकत्र जर्नल लिहिणं, पावसात बसची वाट बघणं हे धरता येतं. रोज दोन तास म्हटले तरी साध्या मैत्रीला महिना गेला. तू पाचव्या दिवशी रात्री उशीत तोंड खुपसून ‘माझं कुणीच नाही’ म्हणशील तेव्हा तुझ्या खात्यावर फार तर आठ-दहा तास जमा असतील.

तास जमवायचे तर रोज तीच माणसं समोर आली पाहिजेत. म्हणून पहिले तीन आठवडे एकाच जागी बस, दुसरी किंवा तिसरी ओळ, आणि तासाच्या दहा मिनिटं आधी जाऊन बस. वर्ग भरल्यावर आत शिरणं बुजऱ्या माणसाला सगळ्यात अवघड. रिकाम्या वर्गात आधी बसलेल्या मुलीकडे लोक आपणहून येतात. मोबाइल बॅगेत ठेव. मान खाली घालून स्क्रोल करणाऱ्या मुलीला कुणी ‘ही जागा रिकामी आहे का’ हेही विचारत नाही, आणि मोबाइल हातात घेतल्यानं वाटणारा धीर हा त्या टेकडीवरच्या मुलाच्या हायसं वाटण्याचाच भाऊ आहे. प्रॅक्टिकलची बॅच सोनं समज. वीसेक मुलं, रोल नंबरप्रमाणे पडलेला पार्टनर, दोघांत एकच ब्युरेट. बोलावंच लागतं, आणि विषय शोधावा लागत नाही.

एकाच शाळेतून आलेले पुण्यातले घोळके पहिल्या दिवशी दिसतील, मोठमोठ्यानं हसत असतील. त्यांच्याकडे पाहून हबकू नकोस. तेही बिचकलेले असतात, म्हणून तर एकमेकांना चिकटून उभे असतात. माझा अनुभव असा की गणपती होईतो त्यातले निम्मे पांगतात.

ज्यांना नुसत्या गप्पा जमत नाहीत त्यांना मी हाताला काम देणाऱ्या ठिकाणी पाठवते. एन.एस.एस. आहे, वर्षाला एकशेवीस तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. किंवा पुरुषोत्तम करंडक. १९६३ पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा पुण्यातल्या कॉलेजांचा सण आहे, पावसाळ्यात तालमी रंगतात आणि प्रयोग तुझ्या सदाशिव पेठेतल्याच भरत नाट्य मंदिरात होतात. स्टेजवर जा असं मी म्हणत नाही. बॅकस्टेजला माणसं नेहमीच कमी पडतात. प्रॉपर्टी सांभाळणारी, इस्त्री करणारी, चहा आणणारी मुलगी तीन आठवड्यांत पंचवीस जणांना नावानं ओळखते, आणि तिला एकदाही स्वतःहून ‘हाय’ म्हणावं लागलेलं नसतं.

मेसमध्ये एकटीनं जेवायचं जड जातं, मान्य. पहिल्या आठवड्यात खोलीतली जी मुलगी जाते तिच्या वेळेला जा, ‘मीही येते’ एवढे दोनच शब्द. आठवड्यातून एक-दोनदा भाकरी मिळणारी मेस शोध. ज्वारीच्या मुलखातल्या मुलींचं घर सगळ्यात जास्त तिथंच आठवतं. आईला फोन रोज एकदा, ठरलेल्या वेळी, जेवण झाल्यावर. दिवसातून आठ फोन झाले की प्रत्येक लहान अडचण बार्शीत जाऊन सुटते आणि पुण्यात काही सुटत नाही. पहिले तीन शनिवार-रविवार घरी जाऊ नकोस. आई रागावेल माझ्यावर, रागावू दे. पहिल्या रविवारी गेलेली मुलगी सोमवारी सकाळी पुन्हा पहिल्या दिवसापाशी उभी असते.

रॅगिंगबद्दल थोडक्यात. सीनियर नाव-गाव विचारतील, गाणं म्हण म्हणतील, तेवढं चालतं आणि नाही म्हणायचाही तुला हक्क आहे. त्यापुढं धमकी, पैसे, अंगाला हात, रात्री बोलावणं, यातलं काहीही झालं तर ते ‘सहन करायचं असतं’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नकोस. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. १८००-१८०-५५२२ ही देशभराची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

आणि ही धाकधूक नेहमीची आहे की जास्त, हे कसं ओळखायचं? नेहमीची असेल ती रोज थोडी वर-खाली होते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बरीच ओसरते. तीन आठवडे होऊनही झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, तास बुडवायला लागली असशील, अचानक छाती भरून जीव जातोय असं वाटणारे झटके येत असतील, तर कॉलेजातल्या समुपदेशकाकडे जा. कॉलेजात नसेल तर १४४१६ वर फोन कर. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जगणं नको असा विचार एकदा जरी डोक्यात आला तरी तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाल. लागणार नाही, पण घाल.

राहता राहिले सोमवारपर्यंतचे दिवस. रविवारी रात्री येऊ नकोस, शुक्रवारीच ये. शनिवारी सकाळी, कॉलेजला ज्या वेळी निघायचंय त्याच वेळी, दप्तर घेऊन चालत जा: पेरुगेट, अलका चौक, लकडी पूल, डेक्कन, तिथून पुढं. किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघ आणि पावसासाठी त्यात दहा मिळव. आत जाऊन चार जागा शोध: तुझा वर्ग, मुलींचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, स्टुडंट सेक्शनची खिडकी. खोली नंबर दोनदा वाच, माझं उदाहरण डोळ्यासमोर ठेवून. कँटीनला एक चहा पी, एकटीनं, पूर्ण. पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात एवढ्यात धावू नकोस. कोणतं लागतं हे सरांनी सांगितल्यावर सेकंडहँड घे, वडिलांचे पैसे वाचतील. आयकार्डासाठी चार फोटो आणि प्रवेशाच्या पावतीच्या दोन झेरॉक्स बॅगेत टाक.

ड्रेस. नवीन नको. नवीन ड्रेस टोचतो, त्याची ओढणी सारखी सावरावी लागते, आणि सोमवारी तुला सावरायला बाकी बरंच आहे. दोनदा धुतलेला, ज्यात तुला बसता-उठता सुचतं तो घाल. जीन्स नको, जुलैत ओली झाली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही. चप्पल मागे पट्टा असलेली, कारण लकडी पुलावर पाणी उडतं. आणि छत्री बार्शीहून घेऊन येऊ नकोस. तिकडच्या पावसाची छत्री इथं दोन दिवसांत उलटी होते, लक्ष्मी रोडवर चांगली दांड्याची मिळेल.